स्थिर

रेषा सपाट होती.

काउचवर झोपलेला माणूस जिवंत आहे, याबद्दल खोलीत कुणाचंच दुमत नव्हतं. दोनच मिनिटांपूर्वी त्याने आमच्या टेक्नॉलॉजिस्टला, म्हणजे जिग्नेशला, त्याच्या वाकलेल्या पाठीवरून चार शब्द सुनावले होते. पण त्याच माणसाच्या श्वासाची रेषा स्क्रीनवर अशी चालली होती, जणू कुणी फूटपट्टी लावून ओढली आहे.

"सर, डबी तो बराबर छे," जिग्नेश म्हणाला.

डबी म्हणजे काय ते सांगतो. त्याआधी मी कोण ते सांगायला हवं. मी मेडिकल फिजिसिस्ट. बडोद्याच्या हरणी भागातल्या आमच्या सोसायटीत सगळे मला फिजिओथेरपिस्ट समजतात आणि लिफ्टमध्ये गुडघे दाखवतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता गुडघा बघतो, "जिना कमी करा" म्हणतो आणि आपल्या मजल्यावर उतरतो. माझं खरं काम असं की, कॅन्सरच्या गाठीला रेडिएशन द्यायचं डॉक्टर ठरवतात, किती द्यायचं तेही तेच ठरवतात. ते कुठून, कोणत्या कोनातून, किती वेळ सोडायचं म्हणजे गाठीला पुरेसं बसेल आणि शेजाऱ्यांना कमीत कमी, हा हिशोब माझा.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे कोबाल्टचं जुनं मशीन होतं. त्या मशीनला बारीक नेम धरता येत नसे, त्यामुळे आम्ही गाठीभोवती ऐसपैस जागा धरायचो. तिला मार्जिन म्हणतात. पुढे देशाचे दरवाजे उघडले, आमच्या ट्रस्टींनी परदेशी मशीन मागवलं, आणि एकाएकी आम्हाला मिलिमीटरचा नेम आला. नेम आला तशी नवी पंचाईतही आली. गाठ जागेवर बसून राहत नाही. माणूस श्वास घेतो, छातीच्या तळाशी असलेला पडदा खाली जातो, फुप्फुसाच्या खालच्या टोकाची गाठ त्याच्याबरोबर खाली जाते आणि श्वास सोडला की वर येते.

यावर उपाय म्हणून मशीनबरोबर ही डबी आली होती. साबणाच्या वडीएवढा प्लास्टिकचा ठोकळा, त्यावर चमकणारे ठिपके. ती पोटावर ठेवायची. पोट वरखाली झालं की ठिपके हलतात, भिंतीवरचा कॅमेरा ते टिपतो आणि स्क्रीनवर लाटा उमटतात. त्या लाटांवरून गाठ कधी कुठे आहे ते सीटी स्कॅनमध्ये कळतं. मग रेडिएशनचा झोत, म्हणजे बीम, सतत सोडायचा नाही. गाठ ठरलेल्या जागी आली की चालू, हलली की बंद. याला गेटिंग म्हणतात. नवरात्रात गरब्याच्या गोलात आपली मुलगी फिरत फिरत समोर येते, तेवढ्या क्षणीच आपण फोटो काढतो ना, तसं. बाकीच्या वेळी काढला तर शेजारच्यांची मुलगी येते.

तर डबी ठीक होती, कॅमेरा ठीक होता आणि लाटा नव्हत्या.

काउचवर होते शिर्के मास्तर. बहात्तर वर्षांचे. रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या तालमीत त्यांनी चाळीस वर्षं मुलांना मल्लखांब शिकवला. बडोद्यातल्या अर्ध्या मराठी घरांतला एक तरी मुलगा त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झालेला. उजव्या फुप्फुसाच्या अगदी तळाशी मोठ्या बोराएवढी गाठ. बायपास झालेली, त्यामुळे ऑपरेशनला दोन ठिकाणी नकार मिळाला होता. आमचं रेडिएशन हाच काय तो मार्ग. तोही पाचच बैठकांचा, प्रत्येक बैठकीला मोठा डोस. मोठा डोस म्हणजे नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून काढू, अशी सोय नाही.

मी इंटरकॉमवरून म्हणालो, "मास्तर, असेच पडून राहा. एकदम स्थिर."

रेषा होती त्याहून सपाट झाली.

लाटाच नाहीत म्हटल्यावर श्वासाबरोबरचा स्कॅन होईना. मी साधा सीटी काढला. तो अर्ध्या मिनिटात होतो. गाठ छान, स्वच्छ, कडा रेखीव. मी डॉ. पारीख मॅडमकडे गेलो. त्या आमच्या विभागप्रमुख.

"गुप्ते, लंगच्या तळाची गाठ आणि हलत नाही?"

"मॅडम, ते मल्लखांबाचे मास्तर आहेत. आयुष्यभर शरीर कमावलंय. श्वासावर ताबा आहे."

"शुअर छो?"

"रेषा बघा ना, मॅडम."

त्यांनी रेषा बघितली आणि सही केली. मी गाठीभोवती पाच मिलिमीटरचं मार्जिन धरून दोन दिवस खपून प्लॅन बनवला. स्क्रीनवर तो रांगोळीसारखा दिसत होता. घरी बायकोला म्हणालोसुद्धा, "आपल्या बडोद्याची तालीम आहे ही. या वयात माणसाचा श्वास हलत नाही." ती म्हणाली, "आणि तुम्ही बुटाची नाडी बांधताना श्वास धरता."

बायकोला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. मास्तरांनाही नाही. लहानपणी मीही त्या तालमीत गेलो होतो. नऊ दिवस. दहाव्या दिवशी मला ताप आला, आणि तो इतका सोयीचा ताप होता की पुन्हा तिकडे फिरकलो नाही. पहिल्या दिवशी मास्तर ओपीडीत आले तेव्हा मी फाइल तोंडासमोर धरून बोललो.

शुक्रवारी पहिली बैठक होती. गुरुवारी दुपारी आम्ही ड्राय रन घेतला. म्हणजे सगळं खऱ्यासारखं करायचं, रुग्णाला झोपवायचं, मशीन त्याच्याभोवती फिरवायचं, फक्त बीम सोडायचा नाही. वीस मिनिटांचं काम. खरं तर सपाट रेषेच्या माणसाला डबी ठेवायचीही गरज नव्हती. जिग्नेशने सवयीने ठेवली. त्याने सवयीने केलेल्या गोष्टींची मी आजवर बरीच चेष्टा केली आहे. ही एक सोडून.

मी "मास्तर, स्थिर" म्हणालो आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं रेषा सपाट. सहाव्या मिनिटाला ती थरथरली आणि मग एकदम लाटा सुरू झाल्या. छोट्या नाहीत, चांगल्या उंच.

"काका सूई गया लागे छे," जिग्नेश म्हणाला.

मी आत गेलो. झोपले कुठले, मास्तर टक्क जागे. कपाळावर थोडा घाम. डबी सरकली असेल म्हणून ती नीट बसवली. "मास्तर, स्थिर हं," म्हटलं. रेषा सपाट. बाहेर येऊन बसलो. चार मिनिटांनी पुन्हा लाटा.

आता मी कॅमेऱ्यावर संशय घेतला. जिग्नेशने त्याची काच खिशातल्या रुमालाने पुसली, त्याबद्दल त्याला झापलं. केबल काढून लावली. मुंबईच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "सर, सिस्टम रीस्टार्ट करा." या लोकांचं शिक्षण किती वर्षांचं असतं कोण जाणे, पण शेवटी ते हेच सांगतात. रीस्टार्ट केली. मग मीच माइकवर जरा जोरात म्हणालो, "मास्तर, एकदम स्थिर!"

सपाट.

"सर, तमे बोलो एटले लाइन सीधी थई जाय छे," जिग्नेश म्हणाला.

मी बोललो की रेषा सरळ होते, हे तो कौतुकाने म्हणतोय असं मला वाटलं. मी मान हलवली. या वेळी तीन मिनिटंसुद्धा झाली नाहीत, लाटा परत आल्या.

तेवढ्यात दाराशी आवाज आला. "येऊ का? यांच्या चष्म्याचं घर माझ्याकडेच राहिलं." मास्तरांच्या पत्नी, सुशीलाकाकू. त्या कधीपासून उभ्या होत्या ठाऊक नाही.

"काकू, पाचच मिनिटं बसा हं बाहेर."

"बसते. पण तुम्ही त्यांना 'स्थिर' का म्हणताय सारखं?"

"हलू नयेत म्हणून."

"अहो, हलू नका म्हणा, गप पडा म्हणा. 'स्थिर' म्हटलंत तर ते दुसरं काय करणार? मागे कंपाउंडरने इंजेक्शन देताना 'काका, स्थिर बसा' म्हटलं, तर दंड असा काही दगड केला की सुईच वाकली त्याची."

त्या पुढे काय सांगणार, ते मला माहीत होतं. नऊच दिवस, पण ते शिकायला एकच पुरतो. तालमीत 'स्थिर' हा शब्द नाही, हुकूम आहे. मल्लखांबावर पकड घेतलीस, आसन लावलंस, की मास्तर ओरडणार, "स्थिर!" मग पोट आत, छाती पुढे, हनुवटी वर, सगळं शरीर आवळून धरायचं, श्वास घ्यायचा तो वरच्यावर, छातीने. किती वेळ? मास्तर "सोड" म्हणेपर्यंत.

मी आत गेलो. डबी उचलली आणि जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पोटावर तळहात ठेवला. कॅरम बोर्ड.

"मास्तर, पोट आवळून धरलंय तुम्ही."

"मग? स्थिर म्हणालास ना."

"त्या दिवशी स्कॅनला पण?"

"अर्थात. तो काय, अर्ध्या मिनिटाचा खेळ." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "आज मधे मधे सुटलं. माफ कर. पूर्वी नसतं सुटलं. वय झालं रे."

बहात्तर वर्षांचा आजारी माणूस माझ्या एका शब्दासाठी पाऊण तास पोट आवळून पडला होता आणि वर माझीच माफी मागत होता.

आता चूक काय झाली होती ते सांगतो. लग्नात फोटोग्राफर "रेडी" म्हणाला की आपण सगळे पोट आत घेतो. मी काढलेला सीटी म्हणजे मास्तरांचा तसा फोटो होता. त्या अर्ध्या मिनिटापुरती गाठ खरोखरच जवळजवळ गप होती. मी त्या फोटोच्या मापाने सदरा शिवला. पण ट्रीटमेंट वीस मिनिटांची. सहाव्या मिनिटाला पोट सुटणार, पडदा खालीवर होऊ लागणार आणि गाठ फिरायला निघणार. मशीनवरच्या एक्स-रेत मी मास्तरांना सैल पडायला सांगून बघितलं. नीट सैल काही झाले नाहीत, तरी मधूनच पोट सुटे तेव्हा पडदा जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली येत होता. माझं मार्जिन अर्ध्या सेंटिमीटरचं. म्हणजे बराचसा वेळ बीम गाठीच्या काठावर आणि उरलेला चांगल्या फुप्फुसावर आणि खालच्या लिव्हरवर. पाचही बैठका अशाच झाल्या असत्या, रेषा सपाट आहे असं समजून. गाठ राहिली असती, आणि आम्ही म्हटलं असतं, काही गाठी रेडिएशनला दाद देत नाहीत.

मॅडमना फोन केला. "उद्याची बैठक होणार नाही. प्लॅन रद्द करायचा आहे. चूक माझी आहे." आणि कारण सांगितलं.

त्या म्हणाल्या, "में पण सही करी हती ने." आणि मग, "सारुं थयुं, आजे खबर पडी."

मास्तरांना पटवणं त्याहून अवघड. उद्याचं पुढे गेलं म्हटल्यावर काकूंचा चेहरा उतरला. दोन ठिकाणचे नकार पचवून इथवर आलेली माणसं. 'पुढे ढकललं' हे त्यांना तिसरा नकार वाटला.

"उद्याच करा," मास्तर म्हणाले. "मी वीस मिनिटं धरीन. रात्री घरी सराव करतो."

"मास्तर, सराव नको. धरायचंच नाही. पोट सैल सोडायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. एवढंच."

"सैल?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू मी त्यांना विडी ओढायला सांगितलं.

सोमवारी शिकवणी ठेवली. एक तास झाला, जमेना. "सैल सोडा" म्हटलं की ते पोट सैल सोडण्याचा प्रयत्न करत, आणि प्रयत्न म्हटला की पोट आवळलं जाई. श्वास मोजून घेत. स्क्रीनवर लाटांऐवजी पायऱ्या दिसत.

शेवटी मी म्हणालो, "उठा मास्तर. मी दाखवतो." बूट काढले आणि स्वतः काउचवर पडलो. जिग्नेशने डबी माझ्या पोटावर ठेवली. आयुष्यात कुठल्याही कसरतीत मी कुणाला काही दाखवू शकेन असं वाटलं नव्हतं, पण या एका कलेचा माझा चाळीस वर्षांचा रियाज आहे. मी नुसता पडलो आणि श्वास घेतला.

"अरे वाह," जिग्नेश स्क्रीनवरचे डोंगर बघून म्हणाला. "पावागढ!"

मास्तर माझ्या शेजारी उभे राहून ते बघत होते. वरून, बारकाईने, मल्लखांबावरच्या मुलाकडे बघावं तसे. मग म्हणाले, "तू गुप्त्यांचा ना रे? नऊ दिवस आला होतास. दहाव्या दिवशी तुझी आई सांगून गेली, ताप आहे म्हणून."

मी पडल्या पडल्या "हो" म्हणालो.

"उतरला का ताप?"

जिग्नेशला मराठी बोलता येत नाही, पण कळतं. तो हसायला बाहेर गेला.

मास्तर पुन्हा काउचवर पडले. आता ते माझं ऐकायला तयार दिसत होते, निदान मी एका विषयात तरी त्यांच्यापुढे आहे हे सिद्ध झालं होतं. मी बाहेर येऊन माइक हातात घेतला. "मास्तर, स्थिर." रेषा सपाट. "आता सोडा."

काही नाही. सपाट.

"मास्तर, सोडा."

आतून आवाज आला, "सोडा काय? लिंबू घालून देऊ? हुकूम आहे तो! नीट दे!"

मी जिग्नेशकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "म्हणा हो. त्यात काय."

त्यात काय ते आमच्या घरात वाढलेल्या माणसालाच कळेल. वडिलांच्या वयाच्या माणसाला, तेही ज्याच्यासमोर आपण चड्डीत थरथरत उभे होतो त्याला, अरेतुरे करायचं. मी डोळे मिटले आणि माइकमध्ये ओरडलो.

"सोड!"

आतून एक मोठा उसासा आला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना 'सोड' म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द कुणी ऐकवला नसावा. खांदे खाली आले, पोट वर आलं, आणि स्क्रीनवर पहिली खरी लाट उमटली. मग दुसरी. मग एकसारख्या, शांत, वीस मिनिटं.

त्याच दुपारी श्वासाबरोबरचा सीटी झाला. गाठ दोन सेंटिमीटरला थोडी कमी हलत होती. श्वास सोडल्यावर ती क्षणभर एका जागी टेकत होती. तेवढाच क्षण पकडून बीम चालू करायचा, बाकी वेळ बंद, असा नवा प्लॅन केला. या वेळी मॅडमनी "शुअर छो?" विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हात लावून बघितलंय." त्यांनी सही केली.

पाच बैठका झाल्या. प्रत्येक वेळी सुरुवातीला मी माइकवरून दोन शब्द ओरडायचो, आधी 'स्थिर', मग 'सोड', कारण नुसत्या 'सोड'ला मास्तर हुकूम मानत नसत. बाहेर बसलेल्या रुग्णांपैकी एका बाईंनी जिग्नेशला हळूच विचारलं की आत कुणाला धरून ठेवलंय का.

तेव्हापासून आमच्या विभागाच्या चेकलिस्टमध्ये दोन ओळी आहेत. डबी ठेवण्याआधी पोटावर हात ठेवून बघावा. रुग्णाला 'स्थिर' म्हणू नये. दुसरी ओळ वाचून नवे लोक बुचकळ्यात पडतात. मी त्यांना एवढंच सांगतो की डबीला आत काय चाललंय ते कळत नाही. तिला पोट दिसतं, आणि पोट माणूस बघून वागतं.

सहा महिन्यांनी मास्तर स्कॅनसाठी आले. गाठीच्या जागी एक पांढरट वण उरला होता. मॅडमनी तो दोनदा बघितला आणि "बहु सरस" म्हणाल्या. कॉरिडॉरमध्ये काकू सांगत होत्या की यांचं पोट सुटत चाललंय, मांडवीतल्या शिंप्याकडे दोन पँटी वाढवायला टाकल्यात.

"याने शिकवलं," मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मग ते बोट माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणाकडे वळलं, आणि भर कॉरिडॉरमध्ये आवाज आला, "स्थिर!"

माझं पोट आत गेलं. छाती पुढे आली. हनुवटी वर. मी ठरवून काहीच केलं नव्हतं. नऊ दिवसांची तालीम, तीही चाळीस वर्षांपूर्वीची.

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, काकूंचा हात धरला आणि लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं. 'सोड' म्हणायचं ते विसरले, की मुद्दामच म्हणाले नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.